सोंग उतरवण्याची जागा

सिरसाळा, 1958. तू दहा वर्षांचा आहेस.

सुगी सरलीय. जवारी खळ्यावरून घरात आलीय. कापसाच्या गाड्या परळीच्या स्टेशनाकडं चालल्यात आणि त्यांच्या चाकांनी उडवलेली धूळ तुझ्या पापण्यांवर बसलीय. हैदराबादचं राज्य गेलं, मुंबईचं आलं, बाजारात नवे पैसे आले, तरी तुझी आजी अजून निजामाच्या हाली सिक्क्यातच हिशोब मांडते.

चावडीसमोरचा गलका एकाएकी थांबतो. खाकी वर्दी, कमरेला रुंद पट्टा, हातात वेताची छडी. फौजदार. तो एकेकाला पुढं बोलावतो. ‘नाव काय? बैल कुठून आणलास? पावती दाखव.’ माणसं हात जोडतात. रझाकारांचे दिवस जाऊन दहाच वर्षं झालीत. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची सत्ता संपली, पण वर्दी दिसली की तुझी आई आजही आधी कडी लावते आणि मग विचारते, कोण आहे. तुझ्या पोटात गोळा येतो. तेवढ्यात पारावरचा एक म्हातारा पोट धरून हसायला लागतो. ‘आरं, पाय बघा त्येचे! फौजदार कधी फाटक्या वहाणा घालतो का?’

मग सगळ्यांना उमगतं. बहुरूपी आलाय.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस डोईला पागोटं बांधून कधीच न लागणाऱ्या एका लग्नाचं आवतण घरोघर देत फिरतो. वरात कशावर बसणार, जेवायला काय असणार, सगळं असं रंगवून सांगतो की भाकरी थापणाऱ्या बायका हात पिठात तसेच ठेवून दारात येतात. तिसऱ्या दिवशी तो सासुरवाशीण होतो. चौथ्या दिवशी अंगाला राख फासून महादेव. तू शाळा बुडवून त्याच्या मागं हिंडतोस. महादेवाची पडछाया अंगावर पडली तर पुण्य लागेल का, असा प्रश्न तुला खरोखर पडतो.

आणि पाचव्या दिवशी तो सोंग न घेता येतो.

इथं नीट बघ. सगळ्यांत महत्त्वाचं ते आज घडतंय आणि गर्दी मात्र आज सगळ्यांत कमी आहे. साधं धोतर, विटका सदरा. रंग खरवडून काढलेला चेहरा तुला वाटला होता त्याहून म्हातारा आहे. तो तुझ्या दारात उभा राहतो, स्वतःचं नाव सांगतो, बापाचं सांगतो. ‘फौजदार मीच झालतो माय, सासुरवाशीण मीच.’ आजी सुपात जवारी आणते. ती त्याच्या झोळीत ओतताना विचारते, ‘लेकरं किती रं तुला?’ तो सांगतो. ‘आन् तुझी माय हाय का?’ तो मान हलवतो, नाही म्हणतो. आजी सूप पुन्हा भरून आणते.

गावानं चार दिवस फौजदाराला भ्यायचं, सुनेला हसायचं, महादेवाला हात जोडायचे आणि पाचव्या दिवशी आतल्या माणसाला नाव विचारायचं, असा हा व्यवहार आहे. झोळीत पडलेलं दान सोंगाचं आहे, पण ते घ्यायला सोंग उतरवूनच यावं लागतं.

संध्याकाळी तू त्याच्या मागं गायरानाकडं जातोस. फाटक्या पालासमोर तीन दगडांची चूल आहे. त्याचा मुलगा तुझ्याच वयाचा. तुम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहता, कारण खेळायला सुरुवात केली तरी उद्या ते पाल उठणार आहे. ‘तुमचं गाव कोणतं?’ तू विचारतोस. बाई चुलीत काटक्या सारत म्हणते, ‘जिथं पाल पडंल ते.’ म्हणून तुला सांगतोय, या 1958 ला सोन्याचा काळ समजू नकोस. शंभर गावं ज्याला ओळखतात त्याला स्वतःचं एकही गाव नाही. तरी प्रत्येक गावी एक दिवस असा आहे की त्या दिवशी त्याला त्याच्या नावानं हाक मारली जाते.

आता मागं जायचंय, पुष्कळ मागं. 1290, नेवासं. एका क्षणापुरतंच थांबायचं आहे. ज्ञानेश्वर गीतेच्या तिसऱ्या अध्यायावर बोलतायत आणि लोकांमध्ये राहून कर्म कसं करावं हे सांगताना बहुरूप्यांच्या राजाराणीचा दृष्टांत देतायत. त्या दोघांच्या मनात नवरा-बायकोपणाचा भाव नसतो, पण लोकांसमोरचं आपलं काम ते चोख करतात. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीसुद्धा ऐकणाऱ्यांना बहुरूपी समजावून सांगावा लागत नव्हता, तो त्यांच्या दारात येऊन गेलेला होता.

तिथून पैठण. सिरसाळ्याच्या उत्तरेला पोहनेरपाशी जी गोदावरी वाहते ती पैठणवरूनच आलेली असते, तेव्हा वाट चुकायची भीती नाही. साल 1590 च्या आसपास. इथं तुला दुसरा देह घ्यायचाय. तू सोळा वर्षांची सून आहेस. वाळवंटात बायकांच्या घोळक्यात, पदर पुढं ओढून बसली आहेस. एकनाथांची भारुडं चालली आहेत. वासुदेव, जोशी, गोंधळी, दारोदार फिरणारी ती सगळी माणसं नाथांनी उचलली आणि त्यांच्या तोंडी अध्यात्म घातलं. पण आता जे सोंग उभं राहिलंय ते तुझंच आहे. लुगडं नेसलेला एक पुरुष भवानीला रोडगा कबूल करणारी सून झालाय. देवी, सासऱ्याला ने. सासूला ने. नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे. शेवटी नवऱ्यालाही ने, आणि मला एकटीला राहू दे.

तुझा श्वास अडकतो. दळताना, पाणी शेंदताना तू हेच म्हणाली आहेस, ओठ न हलवता. जे बोललं तर घर सोडावं लागेल ते हा मिशा उतरवलेला माणूस शेकडो माणसांसमोर मोठ्यानं म्हणतोय, आणि तुझ्या शेजारी बसलेली तुझी सासू खदखदून हसतेय. तूही हसतेस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नाथांना त्या एकटेपणातून वेगळंच सांगायचंय, विकारांचं गोत सुटलं की उरतो तो एकांत. तेही तुला कळतं, थोडं थोडं. पण आजच्या रात्री तुला मिळालेली गोष्ट त्याहून साधी आहे. आपल्या मनातली सगळ्यांत काळी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, आणि ती ऐकताना आपण एकट्या नव्हतो.

सोंगाचं हे सामर्थ्य लक्षात ठेव. स्वतःच्या नावानं जे बोलता येत नाही ते परक्याच्या नावानं बोलता येतं. सोंग घेणारा खोटारडा असतो असं कोणी पुढं म्हणालं तर या वाळवंटाची आठवण ठेव.

परळी, 2006. पुन्हा देह बदल. तू वीस वर्षांचा आहेस, सिरसाळ्याहून जीपमधून, टपावर नाही पण मागच्या फळीवर लटकत आला आहेस. औष्णिक केंद्राच्या चिमण्या धूर सोडतायत. प्लायवूडच्या खोपटात संगणक, कळकट पडदा, तासाचे पैसे आधी. वहीत नाव, गाव, सही. आत गेल्यावर तू ‘सूर्या’ होतोस, राहणार मुंबई. याहूची गप्पांची खोली उघडते, ऑर्कुटचं निळं पान उघडतं. समोरून वय, लिंग, ठिकाण विचारलं जातं आणि तू तिन्ही उत्तरं बनवून देतोस.

हा खेळ तू शोधलेला नाहीस. 1978 मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी संगणकावर नुसत्या अक्षरांचं एक जग बांधलं. तिथं प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, खोल्याखोल्यांतून हिंडायचं, भेटेल त्याच्याशी पात्र म्हणूनच बोलायचं. त्यातून पुढं हजारो अंगणं निघाली. कुठं जादूगारांची शाळा, कुठं गुन्हेगारांचं शहर, कुठं काल्पनिक दरबार. लोक त्याला रोलप्ले म्हणतात, आरपी म्हणतात. गोष्ट पुढं न्यायची, समोरच्याच्या पात्राला त्याला न विचारता मारायचं नाही, पात्राला ठाऊक नसलेलं आपण जाणतो म्हणून ते वापरायचं नाही, असे त्याचे नियम आहेत आणि लोक ते निष्ठेनं पाळतात. खेळातल्या पात्राचं दुःख खेळणाऱ्याच्या अंगात झिरपलं तर त्याला ते ब्लीड म्हणतात. भारुडात सून झालेल्या पुरुषाला हा अनुभव नवा वाटला नसता.

प्लायवूडवर टकटक होते. ‘टाइम झाला रं!’ मालक तुला तुझ्या खऱ्या नावानं हाक मारतो, कारण ते वहीत आहे. बाहेर आल्यावर तो चहा पाजतो आणि विचारतो, कोणती भरती निघालीय का? तुला त्याचा राग येतो. आणखी दहा मिनिटं सूर्या राहायचं होतं. पण पडद्यापलीकडं तुझं नाव ठाऊक असलेला एक माणूस बसलेला होता, हे काही वर्षांनी महत्त्वाचं ठरणार आहे.

कारण 5 सप्टेंबर 2016 ला जिओ येतं आणि पडदा, मालक, वही, चहा सगळंच खिशात मावतं. म्हणजे खोपट मावतं. मालक मावत नाही.

यापुढचा मुक्काम मला टाळता आला असता तर मी टाळला असता. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. बाजाराचा दिवस आहे. सोलापूरकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी गावात शिरलेत. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा आधीच व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर पोचलेली आहे. जमाव त्या पाच जणांना घेरतो, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडतो आणि जिवे मारतो. पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या वेशात दारी येणं हीच ज्यांची ओळख होती, त्यांना त्या दिवशी नाव विचारायला कोणी थांबलं नाही.

तू हात पुढं करतोस, पण या प्रवासात तुला फक्त बघता येतं.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मेलेली माणसं परत आली नाहीत, आणि गावोगावच्या दारांतला विश्वासही परतला नाही. बहुरूपी, वासुदेव, डवरी गोसावी अशा भटक्या समाजांतले कित्येक लोक आता आधार कार्ड खिशात घेऊन फिरतात. मला ही दोन टोकं एकत्र बघवत नाहीत. एका बाजूला दारात येणारं सोंग आपण भीतीनं हाकलून लावलं, आणि दुसऱ्या बाजूला दार लावून आतल्या आत प्रत्येक हातात एक सोंग दिलं.

सिरसाळा, डिसेंबर 2025. आता शेवटचा देह, आणि यात तुला जास्त वेळ राहायचंय.

तू एकोणीस वर्षांची आहेस. गावातल्याच महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. रात्रीचा एक वाजून गेलाय. गोधडीखाली फोनचा उजेड बाहेर फुटू नये म्हणून तू गुडघे उंच केलेत. शेजारी आजी. दिवाळी झाली तसे आई-बाप उसाला गेले. मुकादमाची उचल घेतली होती, ती फिटेपर्यंत सुटका नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशोब. हजेरीत आईचं वेगळं नावसुद्धा नाही. पहाटे तोड, रात्री गाडी भरायची, मधे रेंज मिळाली तर आईचा फोन. ‘जेवलीस का? आजीच्या गोळ्या आणल्यास का? बरं, ठेवते.’ गल्लीतल्या निम्म्या घरांना पाडव्यापर्यंत कुलूप आहे. लहानपणी तूही कोपीवर, ऊसतोडीच्या झोपडीत, जायचीस, थंडीत उसाच्या पाचटावर झोपायचीस. नंतर शाळेसाठी मागं राहायला लागलीस. मागं राहणं हे आईबापांनी तुझ्यासाठी कमावलेलं सुख आहे, म्हणून त्याबद्दल तक्रार करायची सोय नाही.

फोनमध्ये एक दरबार भरलाय. तिथं तू सेनापती यशवर्धन आहेस. पंचेचाळीस वर्षांचा, गालावर वार, कमी बोलणारा. रोमन अक्षरांत मराठी आणि हिंदीची सरमिसळ करून सगळे लिहितात. काही जण एका ओळीत उरकतात. तू चार-चार परिच्छेद लिहितेस. छावणीतली थंडी, घोड्यांच्या तोंडची वाफ, घरं सोडून आलेल्या शिपायांची रात्र. ‘सेनापती प्रत्येक राहुटीत डोकावून आला. कोण जेवलं नाही ते त्याला न विचारता कळत होतं.’ लोक विचारतात, इतकं खरं कसं लिहितोस? तू उत्तर देत नाहीस. त्या छावणीत कोपींचा धूर आहे हे तुलाच ठाऊक आहे.

समोर राणी मृणालवती होती. तीन महिने रोज रात्री. तिनं सेनापतीला पत्र लिहायचं, सेनापतीनं आपलं मन न दाखवता उत्तर द्यायचं. दुपारी भांडी घासतानाही तुझ्या डोक्यात पुढचं वाक्य तयार व्हायचं. आणि गेल्या आठवड्यात ती आलीच नाही. गोष्ट अर्ध्यात. वेढा पडलेला, दरवाजा उघडायचा की नाही हे राणीनं ठरवायचं होतं. तिच्या नावापुढं हिरवा ठिपका नाही. मग एक दिवस नावच नाही.

त्या दिवसांतल्या एका सकाळी तू चुलीपुढं बसतेस. आजी बघते. ‘का गं, कोमेजल्यावाणी दिसायलीस? बरं वाटंना का?’

‘काही नाही. अभ्यास लई आहे.’

तू काय सांगणार? की महाराणी निघून गेली? की जिला पाहिलं नाही, जिचं नाव माहीत नाही, जी कदाचित मुलगाही असेल, तिच्या जाण्यानं माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये? गावात कोणी गेलं तर सुतक असतं, माणसं बसायला येतात, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. या जाण्याला काहीच नाही. रोलप्ले करणाऱ्यांचं खास एकटेपण म्हणतात ते इथं सुरू होतं. गोष्ट संपते तेव्हा रडावं वाटतं, आणि कशासाठी रडतोय हे सांगायला शब्दच नसतात, कारण सांगायला गेलं तर आधी सोंगाची कबुली द्यावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनं जून 2025 मध्ये सांगितलं की जगात सहांतला एक माणूस एकाकीपणानं ग्रासलेला आहे. तरुणांत आणि किशोरवयीनांत ते प्रमाण सगळ्यांत जास्त. आणि जिथं श्रीमंत देशांत सुमारे 11 टक्के लोक एकाकी असल्याचं सांगतात, तिथं गरीब देशांत ते 24 टक्के आहे. एकटेपणा हा शहरातल्या फ्लॅटचा, पैसेवाल्यांचा रोग आहे असं आपण समजत आलो. कुलूप लागलेली गल्ली त्या हिशोबात कोणी धरलीच नव्हती.

आता तुझ्या फोनमधली एक गोष्ट मला तुला दाखवायचीय. दरबाराचा नियम असा आहे की पात्र सोडून स्वतः म्हणून बोलायचं असेल तर दुहेरी कंसात लिहायचं. खेळणारे त्याला ओओसी म्हणतात. ‘((दहा मिनिटांत येतो, लाइट गेली))’ असं. म्हणजे या खेळानंही पाचवा दिवस ठेवलेला आहे. सोंग उतरवून दारात उभं राहायची जागा आहे. राणीनं एकदा तिथं विचारलं होतं, ‘((तू खरा कुठला?))’

तू लिहिलं होतंस, ‘((पुणे. इंजिनिअरिंग करतो.))’

बघ. सेनापतीच्या तोंडून तू एकही खोटं बोललेली नाहीस. त्याची थंडी खरी, त्याचा धूर खरा, जेवण न झालेल्या माणसांची त्याला लागलेली काळजी खरी. खोटं तू बोललीस ते कंसात. सोंग उतरवायच्या जागी तू दुसरं सोंग चढवलंस, आणि जिथं हाक यायला हवी होती तिथं पुण्याचा एक न जन्मलेला मुलगा उभा केलास. राणीचा जीव जडला असेल तर तो कोणावर? तिनं धीर दिला तो कोणाला पोचला? मला या सगळ्या प्रवासातून सांगायचंय ते इतकंच आहे. माणूस पात्र होतो म्हणून एकाकी होत नाही. पात्र उतरवल्यावर पुढं जो उभा राहतो तोही बनावट असेल, तर त्याला मिळालेली माया आतल्या माणसापर्यंत येत नाही.

तू म्हणशील, मुलीनं खरं सांगितलं तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक आहे. नाव, गाव, फोटो, कॉलेज यांतलं काहीही अनोळखी माणसाला देऊ नकोस, आणि हे मी घाबरवण्यासाठी म्हणत नाही. पण नाव लपवणं वेगळं आणि दुःख लपवणं वेगळं. आई-बाप लांब आहेत, घर रिकामं वाटतं, हे सांगायला गावाचं नाव लागत नाही.

त्या आठवड्यात तू बोलणाऱ्या यंत्राशीही खेळून बघतेस. हल्ली कोणतंही पात्र यंत्राला सांगता येतं. तू राणी मृणालवती मागतेस आणि ती लगेच हजर होते. पहाटे तीन वाजताही. कधी थकत नाही, कधी परीक्षा असते म्हणून जात नाही. तू कंसात विचारतेस, ‘((तू खरी कोण?))’ आणि ते कंसातच एक वय, एक शहर रचून देतं. 1966 मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउमनं एलायझा नावाचा बोलणारा प्रोग्राम बनवला. माणसाचंच वाक्य उलटवून प्रश्न करायचा, एवढंच त्याला यायचं. तरी माणसं त्याच्याशी मनातलं बोलू लागली आणि त्याचा कर्ताच हादरला. मला यंत्राच्या सोबतीची भीती वाटते ती यासाठी की तिथं कंस उघडला तरी पलीकडं जेवायचं राहिलेलं कोणी नाही. तुला कोणाची तरी वाट बघावी लागते, कोणाला तरी तुझी बघावी लागते. त्या ओढीतूनच माणसं एकमेकांची होतात.

चल, अजून एक ठिकाण. ओस्लो, नॉर्वे, नोव्हेंबर 2014. बर्फाळ हवा आहे. मॅट्स स्टीन नावाचा पंचवीस वर्षांचा मुलगा वारलाय. त्याला ड्युशेन नावाचा स्नायू झिजवत नेणारा आजार होता. शेवटची वर्षं व्हीलचेअर आणि संगणक, एवढंच त्याचं जग. आईवडिलांना एकच सल होता की आपल्या मुलाला मैत्री, प्रेम काहीच मिळालं नाही, तो एकटाच गेला. वडिलांनी मुलाच्या पानावर त्याच्या जाण्याची बातमी टाकली. आणि पत्रं यायला लागली. एक, मग दुसरं, मग थांबेचनात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात स्टारलाइट नावाच्या रोलप्ले करणाऱ्या गटात मॅट्स वर्षानुवर्षं इबेलिन नावाचा सरदार होता. त्या सरदारानं कोणाची भांडणं मिटवली होती, कोणा आईला तिच्या मुलाशी बोलायची वाट दाखवली होती. नेदरलँड्सहून, इंग्लंडहून, आणखी कुठून कुठून त्या गटातली माणसं अंत्यविधीला आली. 2024 मध्ये त्याच्या आयुष्यावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला.

तू दफनभूमीच्या कडेला उभी आहेस. हात चोळते आहेस. तुला एक गोष्ट सांगतो, जी ती बातमी ऐकून हळहळणारे बरेच जण विसरतात. मॅट्सनंही वर्षानुवर्षं आपला आजार त्या मित्रांपासून लपवला होता. मृत्यूच्या साधारण वर्षभर आधी त्यानं तो लिहून सांगायला सुरुवात केली. तोवर इबेलिन धावत होता, नाचत होता, प्रेमात पडत होता, आणि मॅट्सबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं. तो सांगता झाला म्हणून त्या थंडीत माणसं त्याच्या पेटीपाशी उभी राहू शकली. नुसत्या इबेलिनच्या अंत्ययात्रेला विमानाचं तिकीट काढून कोण आलं असतं?

आणि त्याच्या आईवडिलांकडं बघ. त्यांचं प्रेम कमी नव्हतं. त्यांनी मुलाला खेळताना रोज पाहिलं, पण तू तिथं कोण आहेस, असं बसून विचारायचं राहून गेलं. घरी असं कोणी खेळत असेल तर फोन हिसकावण्याआधी एवढं विचारून बघावं. तुझ्या पात्राचं नाव काय? त्याला कशाची भीती वाटते? उत्तरात लेकरू स्वतःबद्दल जे सांगेल ते सरळ विचारल्यावर सांगणार नाही.

सिरसाळ्यात परत ये. रात्र तीच. आजी कुशीवर वळते, खोकते, पुन्हा झोपते. दरबारात आज फारसं कोणी नाही. राणीच्या जाण्यानं गोष्ट अडलीय आणि लोक वेढ्याचं काय करायचं म्हणून खोळंबलेत. राजवैद्य हजर आहेत. ते रोज याच वेळी असतात, आणि कोणाशीच फार बोलत नाहीत. जखमी शिपायांना लेप लावतात, एखाद-दुसरी ओळ लिहितात.

तू सेनापतीची ओळ लिहायला घेतेस, ‘यशवर्धन तटावर उभा होता.’ मग खोडतेस. अंगठा थांबतो. कंस उघडतेस, एक, दोन.

‘((मी इंजिनिअरिंगला नाही. पुण्यातही नाही. मुलगी आहे. आई-बाबा कामाला लांब असतात, सहा महिने. आजी असते. राणी गेली तेव्हापासून मला बरं वाटत नाहीये आणि हे कोणाला सांगू ते कळत नव्हतं. गाव सांगणार नाही, राग मानू नका.))’

पाठवतेस. फोन उलटा ठेवतेस. पुन्हा सरळ करतेस. राजवैद्य टाइप करतायत. थांबतात. पुन्हा करतायत.

‘((गाव नको सांगू. कोणालाच नको सांगू. मी वॉचमन आहे, रात्रपाळी. वय पन्नासच्या पुढं, इथं कोणाला सांगितलं नव्हतं, पोरं हसतील म्हणून. राणीचं मलाही वाईट वाटलं, छान लिहायची. जेवण झालं का तुझं?))’

‘((झालं काका. भाकरी आणि वांग्याचं भरीत. तुमचं?))’

‘((डबा आहे. आता उघडतो.))’